मोबाइलमधल्या बैलांचा पोळा

क्रांती चौकामागच्या सलूनमधला हा गृहस्थ माझा एक गाल घोटतो आणि दुसरा फेसातच सोडून मोबाइलकडं धावतो. "थांबा साहेब, टमाटे सुकतील!" टमाटे मोबाइलच्या खेळातले, खऱ्या मातीची याच्याकडं एक कुंडीही नाही. लासूरचे त्याचे व्याही मात्र पक्के शेतकरी. तेही घरी बसून हाच खेळ खेळतात, आणि पहिल्या नंबरासाठी दोघांची भयंकर चुरस.

खेळातल्या स्पर्धेचा शेवटचा दिवस नेमका पोळ्याला आला. याचं अर्धं रान नांगरायचं बाकी, आणि हा पठ्ठ्या माझे दोन्ही गाल सलग घोटतोय!

"अहो, नंबर जाईल! नांगर धरा की!" मीच ओरडलो.

"आज बैल जुपत नाय, साहेब." त्यानं मोबाइलवरच्या बैलजोडीपुढं पुरणपोळीचा तुकडा ठेवला.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. स्पीकरवर गर्जना झाली, "हरले व्याही तुम्ही! माझं येवढं एकच वावर राहिलं!"

"लई भारी. पण आज पोळ्याला बैल जुपले व्हय?"

 पलीकडून तो पिढीजात शेतकरी हळूच म्हणाला, "सोडतो आत्ता... पण आमच्या हिला सांगू नका."