तात्या मिस्त्री आणि दोन क्लच

रामनगरचे तात्या मिस्त्री गाडीचं बॉनेट आधी उघडत नसत. आधी मालकाशेजारी बसून एक फेरी मारून येत, आणि तेवढ्या वेळात मालकाने बोललेलं त्यांना खपत नसे. मी बिघाडांची यादी लिहून न्यायची. ते ती न वाचता खिशात टाकत.

माझा डावा गुडघा गेल्यावर क्लच दाबणं संपलं, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. कुंभारवाड्याला बस नावापुरती. गाडी नसेल तर तिथली माझी शाळा सोडायची, दुसरा मार्ग नव्हता. वर्षाच्या आत गाडी चढाला हादरू लागली, तापल्याचा दिवा लागू लागला. शहरातल्या वर्कशॉपने सांगितलं, क्लच बदलला तरी पुन्हा जाईल, विकून टाका. मी बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

तात्यांनी सरळ सांगितलं, "बाई, ह्यातलं मला काय बी ठावं न्हाई. आठ दिस द्या." साठी उलटलेला हा माणूस बेळगावला जाऊन, तसला गिअरबॉक्स दुरुस्तीला येऊन उघडला जाईपर्यंत ओळखीच्या गॅरेजात स्टुलावर बसून राहिला.

परत येऊन त्यांनी मला समजावलं. आत क्लच दोन. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एका उखळात दोघी कांडतात तसं, एकीचं मुसळ खाली असतं तेव्हा दुसरीचं वर तयार. गाडी दुसऱ्या गिअरात पळते तेव्हा तिसरा आधीच घालून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच वेळी दुसरा धरतो.

मग शेजारी बसले. चढावर खडीच्या ट्रकमागे मी नेहमीसारखी गाडी इंचाइंचाने सरकवली. दिवा लागला.

"गाडीला काय झालं न्हाई," ते म्हणाले. "तुमचा पाय सुटला, पण आत क्लच हायच की. अर्धवट धरून घासत न्हेलं तर तापणारच."

वीस वर्षं गाडी चालवतेय, असं मी जरा दुखावूनच म्हणाले.

"व्हय. आता नव्यानं शिका. मी न्हाई शिकलो?"

ट्रकला पुढे जाऊ द्यायचं, ब्रेकवर पूर्ण थांबायचं, जागा झाली की एका दमात जायचं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. त्या आठवड्यात मी अर्ज फाडला.

तात्या जाऊन दोन वर्षं झाली. मी कुंभारवाड्यातच शिकवते. यंदा त्याच वर्कशॉपच्या इंजिनिअरने क्लच तपासला आणि तो पहिलाच आहे यावर त्याचा विश्वास बसेना. दुरुस्ती कोणाकडे केली, म्हणाला. तात्यांनी एक बोल्टही सैल केला नव्हता. तरी मी त्याच्या हातातलं सर्व्हिसचं कार्ड घेतलं आणि 'आधीची दुरुस्ती कोणाकडे' या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: तात्या मिस्त्री, रामनगर.