फतेमारीवरचं बिऱ्हाड

पळून जाणाऱ्या माणसाला इतकं वाजतगाजत कुणी पोचवलं नसेल. सत्तेचाळीस सालच्या कार्तिकात आम्ही अंबड तालुक्यातलं आमचं गाव सोडलं, तेव्हा जालन्याच्या स्टेशनवर माझ्या वडिलांच्या गळ्यात सात हार होते आणि बाजूला एक सनईवाला होता. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने त्या महिन्यात कितीतरी घरं गुपचूप रिकामी होत होती. आबांना ते कमीपणाचं वाटलं. "आपून काय पळून चाल्लो न्हाई. समिंदर पाह्यला चाल्लो," असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, आणि समुद्र पाहायला जाणाऱ्याला निरोप द्यावाच लागतो. जरीकाठी रुमाल, काळा लांब कोट, नवा जोडा. भीती होती ती कोटाच्या आत.

माय डब्यात चढली. बोचकी फळीखाली सारली, नातीला खिडकीशी बसवलं, आणि शिट्टी झाल्यावर खाली उतरली. "म्हशीला पानी कोन दावंल? तुम्ही व्हा फुडं. मी येते मागून."

"येडी का काय तू! चढ जल्दी," आबा म्हणाले. ती चढली नाही. गाडी हलली तरी सनईवाला वाजवत राहिला, कारण थांब असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांनी हे पाहिलं आहे. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही.

जालन्याच्या शाळेत मी सात वर्षं भूगोल शिकवला होता. व्यापारी वारे, मोसमी वारे, खारे वारे, मतलई वारे, सगळे मला पाठ होते आणि त्यातला एकही माझ्या अंगावरून गेलेला नव्हता. शाळा बंद पडली. जुन्या जालन्यातल्या एका कापूसवाल्याच्या ओळखीने मालवणच्या एका शेठच्या फतेमारीवर मालाचा कारकून म्हणून मला नोकरी लागली. फतेमारी म्हणजे दोन डोलकाठ्यांचं, शिडांवर चालणारं मालवाहू जहाज. मुंबईहून मंगळूरला मीठ, कांदा, कापड न्यायचं आणि येताना कौलं आणायची. मुंबईत तेव्हा बेघर झालेली माणसं जिन्यांवर झोपत होती. खोली कुठली मिळायला? म्हणून बिऱ्हाडच जहाजावर चढवलं: आबा, माझी बायको शेवंता, सात वर्षांची गंगू आणि मी. जहाजाचा प्रमुख, ज्याला तांडेल म्हणतात, बाईमाणूस घ्यायला नाखूश होता. पण आबांचा कोट पाहून तो गप्प बसला. त्याला वाटलं, शेठचे कुणी नातलग असावेत.

संसार मांडला तो मालावर, जाताना गोण्यांवर आणि येताना कौलांवर. वर चटया, त्यावर गोधड्या, आणि येताना पाठीला रात्रभर कौलांच्या कडा. चूल म्हणजे वाळूने भरलेली लाकडी पेटी. आमच्याकडची ज्वारी रत्नागिरीपर्यंत पुरली, मग भात आला. जहाज कलंडलं की शेवंता एका हाताने पातेलं आणि दुसऱ्याने पदर धरायची. आबांसमोर पदर सुटणं तिला बुडण्यापेक्षा वाईट वाटे. पिण्याचं पाणी मोजून मिळे. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, आम्ही दुष्काळी अंबडकडची माणसं. पहिले आठ दिवस गंगूच्या कमरेला दोर बांधून ती डोलकाठीला अडकवलेली असे. महिन्याने ती खलाशांच्या ताटातले बांगडे खाऊ लागली आणि पौषात उठताबसता मालवणीत "गे बाय" म्हणू लागली. आबा मात्र समुद्राकडे पाठ करून बसत. पाहायला आले होते ते समुद्र, आणि पाहत होते किनारा.

बंदर आलं की ते पुन्हा कोट चढवत. रुमाल बांधायला अर्धा तास. मग होडीत ताठ उभे राहून, तोल जात असताना खलाशाच्या खांद्याला हात न लावता, किनाऱ्यावर जात आणि पोस्टात विचारत, "जालन्याकडचं काही टपाल?" पोस्टमास्तर उठून उभा राही. टपाल नसे.

याला कारण मी होतो. निघण्याआधी मी शाळेचा नकाशा घेतला, किनाऱ्याच्या वळणावर दोरा ठेवून अंतरं मोजली, वेगाने भागलं आणि वेळापत्रक केलं: अमुक तिथीला रत्नागिरी, अमुकला वेंगुर्ला, कारवार, मंगळूर, परत मुंबई. पार उन्हाळ्यापर्यंत. इतक्या सुबक अक्षरात मी दुसरं काही लिहिलेलं नाही. गावची खबर कळावी म्हणून एक प्रत शेजारच्या चाचांना दिली. माय मागे राहिली आणि तिला वाचता येत नव्हतं. तेव्हा चाचा, उर्दू शाळेतले माझे जुने मास्तर, तिला वाचून दाखवणार आणि त्या त्या बंदराच्या पोस्टाच्या पत्त्यावर तिची पत्रं लिहिणार, असं मी धरून चाललो होतो.

तांडेलाने तो कागद एकदा पाहिला. त्याला वाचता येत होतं. "मास्तर," तो म्हणाला, "ह्यां वाऱ्याक दाखवल्यात काय?"

वारा पडला की चार दिवस जागच्या जागी. माल तयार नसला की आठ दिवस बंदरात. शेठचा निरोप आला की भलत्याच खाडीत. मायचं पत्र वेंगुर्ल्याला तेव्हा आम्ही कारवारला, ते कारवारला पोचावं तर आम्ही रत्नागिरीला. शेवंता म्हणाली, "एकाच गावचा पत्ता द्या की. तिथं जाऊ तवा मिळंल." बरोबर होतं. पण चूक कबूल करणं भूगोलाच्या मास्तरला जमत नाही. मी सुधारून दुसरं वेळापत्रक केलं आणि गावी पाठवलं. मग तिसरं. ती पोचलीच नाहीत असं आता कळतं. त्या दिवसांत निजामाच्या हद्दीत कुणाचं काय पोचत होतं!

पावसाळ्यात जहाजं चालत नाहीत. ज्येष्ठात फतेमारी मालवणजवळच्या खाडीत ओढून घेतली, वर झावळ्यांचं छप्पर केलं, आणि शेजारच्या खोपीत आम्ही राहू लागलो. माणूस एका जागी बसला तशी पत्रंही येऊन पोचली. आषाढात एके दुपारी पोस्टमनने पाच पत्रांचा गठ्ठा दिला. एकेका पाकिटावर चार-चार बंदरांचे शिक्के.

मी ती तारखेप्रमाणे लावली आणि आबांना वाचून दाखवू लागलो. अक्षर चाचांचं, उर्दू. बोली मात्र मायची, जशीच्या तशी. पहिल्या तीनमध्ये म्हैस व्यायली होती, गंगूचे दात विचारले होते, कापूस घरात पडून होता. चौथं माघातलं होतं. "आळीत आता मी एकलीच हाय. चाचा म्हन्ते निघ. म्हस देऊन टाकली. तुमच्या कागदात शिवरातीला मुंबई हाय. त्या दिशी मी मनमाडला येऊन बसते. कुनीतरी घ्याया या. मला फुडची गाडी कळायची न्हाई."

शिवरात्रीला आम्ही कारवारच्या दक्षिणेला वारा नसलेल्या पाण्यात होतो. त्याच दिवशी गंगू पोहायला शिकली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाचवं पत्र चाचांचं स्वतःचं होतं, त्यांच्या अदबशीर उर्दूत. ते तिला मनमाडपर्यंत सोडायला गेले होते. तिने त्यांना परत पाठवलं. पोरगा येतोच आहे म्हणाली. भाकरी दोन दिवसांची होती. ती चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी उलटी गाडी धरून गावी आली. "ते मला शोधाया घरी गेले असतील," असं तिने चाचांना सांगितलं. चैत्रात तिला ताप भरला, पाच दिवसांत गेली. गावात उरलेल्या तिघा-चौघांना घेऊन चाचांनी तिचं सगळं आमच्या रीतीने करवलं, असं लिहिलं होतं.

आबांनी चौथं पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग पाचवं. शेवंताला मला बोलण्याचा हक्क होता; तिने पत्रं पाकिटांत घालून पुन्हा गठ्ठा बांधला. आबांनी विचारलं, "जाळलं कुठं तिला, ते लिव्हलंय का?"

ते लिहिलेलं नव्हतं.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. मालवणात पेढे वाटले, एका वकिलाने दीड तास भाषण केलं, त्यात आमच्या मुलुखाचं नाव त्याने दोनदा चुकीचं घेतलं. गावाकडून निरोप येऊ लागले: या, आता आपलंच राज्य आहे. आबा म्हणाले, "तू जाऊन ये. तेवढं इचारून ये."

आश्विनात मी गेलो. जालन्याच्या स्टेशनवर कमान होती, पताका होत्या. घर उभं होतं, दाराला कुलूप होतं. किल्ली चाचांकडे असायची, पण चाचांच्या घराला दारच नव्हतं. राज्य बदललं त्या आठवड्यात काय झालं ते कुणी नीट सांगेना. "गेले ते," एवढंच म्हणत, आणि बोलताना माझ्याकडे पाहत नसत. कुठे गेले, त्यांच्याबरोबर कोण होतं, आहेत की नाहीत? "आता काय सांगावं मास्तर. दिवसच तसले." ज्यांनी तिला खांदा दिला होता त्यांतला एक वारला होता, दोघे परभणीकडे गेले होते. एक म्हातारा मला ओढ्याकाठी घेऊन गेला, म्हणाला, इथं. मग थोडं पुढे जाऊन म्हणाला, न्हाई, इथं असंल. मग तो घरी गेला.

मी परत आलो. आबा जहाजावर बसले होते, अंगात नुसती बंडी. मी म्हणालो, आपल्या मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला.

"सावली हाय का तिथं?"

"हाय," मी म्हणालो. "बराबर चिंचेखाली."

आबांनी मान हलवली आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आता कुणी माझं घर विचारलं तर मालवण सांगतो, किंवा जालना सांगतो, ऐकणाऱ्याच्या सोयीने. खरं घर ते चिंचेखालचं. तिथे मी आबांना रोज बोलता बोलता नेतो, गंगूलाही सांगतो. मायला खरंच कुठे जाळलं हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, आणि मलाही नाही.