रोलांचा कान

शाविनिगन गावात रोलां ब्रिसेत हे नाव सांगितलं तर लोक डोकं खाजवत. 'कानवाला' म्हटलं की मात्र शेंबडं पोरही त्याच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचं. गाडी दारात वळते न वळते तोच हा आतून हात पुसत सांगायचा, "पुढचं डावं चाक. बेअरिंग गेलंय." गाडीवाला अजून उतरलेलाही नसे. चाळीस वर्षं त्याचं पोट या कानावर भरलं. शंका उरलीच, तर भिंतीवरचा मोडक्या हॉकी स्टिकचा दांडा निघे. एक टोक संशयित सांध्यावर, दुसरं कानामागच्या हाडावर. तो दांडा तरुणपणी एका सामन्यात मोडला होता, आणि त्या सामन्याची गोष्ट सांगताना रोलां दर वर्षी स्वतःचा एक गोल वाढवत असे.

विजेच्या गाड्या आल्या तेव्हा गावातल्या बाकी मेकॅनिकांनी कपाळाला हात लावला. रोलां खूश. "इंजिनाचा गोंगाटच नाही! आता गाडीला काही लपवताच येणार नाही," तो म्हणायचा. खोटं नव्हतं ते. इतकी वर्षं धडधडीखाली दबलेली कुरकुर आता साऱ्यांना ऐकू यायला लागली आणि गिऱ्हाइकांची रांग लागली.

साऱ्यांना म्हणजे, एक रोलां सोडून. त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. कान काही रजेचा अर्ज देऊन जात नाही. आधी पाखरं गेली, मग ओव्हनची घंटी. 'बायका हल्ली पुटपुटतात' असं त्याचं नवंच मत झालं. मे महिन्यात अंगणातल्या झोपाळ्याच्या कड्यांना त्याने तेल घातलं, आणि पंधरा वर्षं किंचाळणारा झोपाळा गप्प झाला.

"बघ! हाताला अजून यश आहे," तो ओदेतला, आपल्या बायकोला, ऐटीत म्हणाला. ती नुसती हसली.

ऑक्टोबरात, हिवाळी टायर चढवायच्या दिवसांत, ओदेतच म्हणाली, "रोलां, माझी गाडी डावीकडे वळताना ओरडते रे. उंदराच्या पिल्लासारखी चीं चीं करते."

दोघं चर्चमागच्या मोकळ्या आवारात गेली. रोलांने गाडी हळूहळू डावीकडे वळवली. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

"आता! आता ऐकलास?"

"ऐकला," रोलां म्हणाला. चाळीस वर्षांत धंद्यात तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि तेही घरच्याच गाडीबद्दल.

गॅरेजात त्याने दांडा लावून पाहिला. काही नाही. मग ओदेतला स्टिअरिंग फिरवायला सांगून तो पुढच्या डाव्या स्प्रिंगवर तळवा ठेवून बसला. स्प्रिंग अडली आणि टचकन सुटली. हाताला हिसका लागला! त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने स्प्रिंगच्या माथ्यावरचं बेअरिंग खाल्लं होतं. दीड दिवस खपून त्याने ते बदललं.

रविवारी तो ओदेतला आणि मागच्या सीटवर तिलू कुत्र्याला घेऊन पुन्हा त्याच आवारात गेला. गाडी डावीकडे वळवली.

"काय?"

"गेला," ओदेत खिडकीबाहेर बघत म्हणाली.

रोलांने शीळ घातली. ऐटीत आणखी एक वळण घेताना त्याची नजर आरशात गेली. तिलूचे कान ताठ उभे होते. गाडी उजवीकडे वळवली, कान पडले. डावीकडे, पुन्हा उभे. रोलांने चार वेळा वळवून पाहिलं. चारही वेळा तिलू मान वाकडी करून चाकाकडे बघत राहिला.

"रोलां, पुरे," ओदेत म्हणाली.

त्याने गाडी थांबवली आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

एरवी या उत्तरावर तो खो खो हसला असता. आता तो आरशातल्या तिलूच्या कानांकडे बघत राहिला. "दोन वर्षांत मी किती जणांना सांगितलं असेल, ओदेत? 'काही नाही, बिनधास्त जा.' पोरंबाळं घेऊन गेले असतील गं ते." एकदा सांगून मग गप्प बसल्याची ओदेतला लाज वाटली.

सोमवारी त्याने गॅरेजच्या दारावर 'बंद' लिहिलं आणि ओदेतला सोबत घेऊन गाडी नदीपलीकडे जोसियानकडे नेली. ही एकेकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेली.

"उस्ताद? तुम्ही, माझ्याकडे?"

"ऐकून सांग. मला ऐकू येत नाही." ते वाक्य त्याने वाटभर घोकलं होतं.

तिने ओदेतला स्टिअरिंग फिरवायला बसवलं आणि झारीने एकेका सांध्यावर पाणी सोडत गेली. चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मच्या सांध्याशी तिचा हात थांबला. "हा बघा. पाणी पडलं की क्षणभर गप्प होतो. ग्रीस सुकलंय, आर्मच बदलते. ही युक्ती तुमचीच, उस्ताद."

"कसा वाजतो गं?"

"अंगणातला जुना झोपाळा असतो ना, कड्या गंजलेला? तस्सा."

जाताना सोबत आणलेला दांडा रोलांने तिच्या टेबलावर ठेवला. "हा तुझ्याकडे असू दे," म्हणाला. सामन्याची गोष्ट काही त्याने सांगितली नाही.

संध्याकाळी तो अंगणात झोपाळ्यावर जाऊन बसला. ओदेत शेजारी येऊन बसली. त्याने पायाने हलकेच झोका दिला.

"वाजतोय का गं?"

ओदेतने त्याचा हात धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "वाजतोय."

"कधीपासून?"

"तू तेल घातलंस, त्या दिवशीही वाजतच होता."