स्वतःची नळी

त्या मंगळवारी माझा भाऊ माहीमच्या बंदरात पाण्याखाली उतरला आणि स्वतःहून वर आला नाही.

बोटीच्या पंख्यात अडकलेली जाळी तो आणि त्याचा जोडीदार पाण्याखाली जाऊन कापायचे. जोडीदार एक वाक्य बोलून थांबायचा. भाऊ चिडवायचा, “बोल की रं, वरती हवा फुकट हाय!”

जोडीदारानेच भावाला वर आणलं. स्वतःची हवेची नळी त्याने भावाच्या तोंडात धरली होती. घाईने वर आल्यामुळे त्याच्या स्वतःच्या डाव्या कानातून रक्त वाहत होतं.

“तो कवाच गेलाय,” बोटीवरून कुणी ओरडलं. “नळी कशाला दिलीस?”

“पान्यात कोनी मेलेला नसतो,” तो म्हणाला. थांबला. “वर डाक्तर सांगंल.”

डॉक्टरांनी सांगितलं.

आता जोडीदाराला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी त्याच्या उजवीकडे बसतो.