दोन वाटांनी गेलेला बायोडेटा

खालापूरच्या रंगाच्या कारखान्यातली आमची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, बिनलग्नाची, आणि कर्जतला भिसेगावात दोन खोल्यांत आईबरोबर राहत होते. आईला अंधुक दिसायचं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई मीच टोचायची. त्यामुळे नोकरी हवी होती ती संध्याकाळी घरी पोचवणारी. नाहीतर आईला पुण्याला भावाकडे धाडावं लागणार होतं. तिला ते नको होतं. मला तर मुळीच नको होतं.

नोकरी लावून देणाऱ्यांची मग मला चांगलीच ओळख झाली. एक मुलगी मुंबईहून फोन करायची, 'मॅम, तुमचं प्रोफाइल फारच छान आहे' म्हणायची आणि विमा विकायची जागा सुचवायची. एका कंपनीच्या एचआर साहेबांनी मला तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा लग्न का नाही केलं तेच विचारलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "का, तुमच्याकडे स्थळ आहे?" विषय तिथेच संपला. माझी जीभ अशीच आहे.

मग पनवेलच्या एक बाई मिळाल्या. कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम त्या घरून करायच्या. त्यांनी आधी विचारलं, "ताई, घरी कोण असतं?" मी सगळं सांगितलं. पंधरा दिवसांत त्यांनी खालापूरच्याच एका औषध कंपनीत जागा काढली. सकाळची पाळी, न्यायला-आणायला बस. एकच अट घातली. "या कंपनीत तुमचा बायोडेटा फक्त माझ्याकडून जायला हवा. दोघांकडून गेला तर माणूस कुणी आणला यावरून वाद होतो, मग कंपनी त्या नावावर फुलीच मारते."

मी म्हटलं, दुसरं आहेच कोण!

मुलाखत छान झाली. घरी येऊन आईला कंपनीचं नाव सांगितलं, पंधरवड्यात कळेल म्हटलं. अटीचं सांगितलं नाही. तिला काय करायचंय ते, असं वाटलं.

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "ताई, कर्जतच्या एका ठेकेदाराकडूनही तुमचा बायोडेटा गेलाय. त्यांनी नाव काढून टाकलं. मला सांगायचं तरी होतं." मी शपथा घेतल्या. फोन ठेवला तर रिंग ऐकून आई हसत दारात आली.

"लागली ना गं? मामाला दिलता मी तुझा कागद."

मामा म्हणजे तिचा चुलतभाऊ, कारखान्यांना माणसं पुरवणारा तोच ठेकेदार. कपाटावरच्या गठ्ठ्यातली एक प्रत आणि कुरडयांचा डबा घेऊन ही अर्धी आंधळी बाई रस्ता विचारत विचारत एकटी त्याच्याकडे गेली होती. मला बोलली नाही, कारण काम व्हायच्या आधी बोललं की ते मोडतं, असं आमच्याकडे मानतात.

"आपला माणूस हाय. त्याचा शब्द पडला तं बरंच नाय का?"

"तुझ्यामुळे गेली माझी नोकरी!" मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. समजायला तिला वेळ लागला. ते बघवत नव्हतं, तरी मी बोलत राहिले.

कंपनी काही बधली नाही. तीन महिन्यांनी मला गुजरातेत नोकरी मिळाली. भाऊ आईला न्यायला आला तेव्हा तिने आपली पिशवी आधीच भरून ठेवली होती.

फोन रोज व्हायचा. जेवलीस का, सुई घेतलीस का. भाऊ सांगायचा, आई तुझी वाट बघते. पण मला तिने दीड वर्षात एकदाही 'कधी येशील' असं विचारलं नाही. तो हक्क आपण घालवला असं तिला वाटत होतं, आणि मला ते कळत होतं. 'चूक माझीच गं, मी तुला अट सांगितली नव्हती,' एवढंच मला म्हणायचं होतं. पहिल्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. समोर बसून म्हणू, म्हणून मी ते पुढच्या दिवाळीवर टाकलं.

ती गणपतीतच गेली. मी पोचले तेव्हा बाहेर सगळी तयारी झाली होती. तिच्या कानाशी वाकून मी ते म्हटलं, आणि वहिनीने मला हाताला धरून उठवलं.