पाठमोरी माय

सुभद्राबाई पहिल्यांदा पाठमोरी मायच्या डोंगरावर गेली, तेव्हा तिच्या अंगावरची हळद नुकतीच उतरली होती आणि डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं होतं. भाजी अळणी झाली म्हणून नवऱ्यानं कानाखाली मारली, कानातून रक्त आलं. चांदूर रेल्वेकडचं सासर सोडून ती तडक तिवशाजवळच्या माहेरी आली. थोरल्या भावानं, सूर्यभाननं, तिला थोडे दिवस ठेवून घेतलं. कान दुखायचा थांबला तसे त्यानं स्वतःच बैल जुंपले आणि तिला पुन्हा सासरच्या दारात नेऊन सोडलं. "लोकं काय म्हणतीन," एवढंच तो वाटेत बोलला.

सासरी शेजारी सुंदराबाई नावाची म्हातारी राहायची. तिनं पोरीचा चेहरा पाहिला आणि चैत्रात तिला सोबत घेतलं. परतवाड्याच्या पुढं गाडीतून उतरायचं, सागाचा पाचोळा तुडवत, कोरड्या नाल्यातल्या दगडांवरून वर चढायचं. वाटेत सुंदराबाईनं मायची गोष्ट सांगितली.

"माय बी तुह्यासारखीच माहेरी परत आली होती. भावायनं तिले गाडीत बसवलं, म्हणे चाल सासरी. वाटेत ती उडी मारून उतरली अन् डोंगराकडे चालाले लागली. भाऊ मागून हाका मारे, बाई, एकडाव मागं वळून पाय. ती म्हणे, आता तुमचं तोंड पायत नाई. भावायनं धावत जाऊन पदर धरला, तं हातात दगड आला."

गाभाऱ्यात खरोखरच एका उभ्या शिळेला बाईची पाठ होती. लांब वेणी, खांद्यावरून ओढलेला पदर. तोंड डोंगराच्या आत. बाया वेणीला कुंकू लावायच्या आणि जे घरात बोलता येत नाही ते तिथं बोलायच्या. माय वळून पाहत नाही, त्यामुळे लाज वाटत नाही. सुभद्रानं त्या दिवशी नवऱ्याला शिव्या दिल्या, भावाला त्याहून जास्त दिल्या. पुढं नवऱ्यानं हात उगारला तेव्हा ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उभी राहिली. त्यानं पुन्हा हात लावला नाही. संसार झाला, नवरा वारला, साठी उलटली. चैत्रातली डोंगराची वाट तिनं कधी सोडली नाही.

यंदा ती सून प्राजक्तासोबत गेली. आता पायऱ्या झाल्या आहेत, वर टिनाचा मांडव आहे, देवस्थानची कमिटी आहे. कमिटीचा अध्यक्ष सूर्यभान. हे तिला माहीत होतं. गाभाऱ्यात काय झालं आहे ते माहीत नव्हतं.

वेणीवर चांदीचा मुखवटा बसवला होता. मोठे डोळे, नाकात नथ, ओठांवर हसू. बाहेरच्या नव्या फलकावर लिहिलं होतं: भावांच्या मायेपोटी देवी येथेच स्थिरावली.

प्राजक्तानं फलक वाचून दाखवला. सुभद्राबाईनं तिला तो पुन्हा वाचायला लावलं. मग ती गाभाऱ्यात शिरली, मुखवट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मुखवटा बोल्टांनी कसला होता.

"मायच्या पाठीत भोकं पाडले काय रे?" ती पुजाऱ्यावर ओरडली.

पुजाऱ्यानं मांडवाकडे पाहिलं. तिथं सूर्यभान फेटा बांधून खुर्चीवर बसला होता, त्याचा सत्कार चालला होता. आवाज ऐकून तो उठून आला.

"सुभद्रे, हळू बोल. लोक दुरून येते अन् पाठ पाहून जाते. फोटो काढाले तोंड लागते का नाई?"

"तिनं तोंड फिरवलं ते कोणावर? सांग ना."

"जुन्या बायायच्या गोष्टी त्या."

"अन् फलकावर लिवली ते कोणाची गोष्ट? तुही?"

दर्शनाची रांग थांबली होती. सूर्यभाननं तिचा दंड धरला, "घरी चाल, घरी बोलू." तिनं हिसडा मारून दंड सोडवला आणि डाव्या कानावरचे केस मागं सारले.

"या कानानं मले ऐकू येत नाई. काहून येत नाई, ते सांग या लोकायले. मले गाडीत बसवून परत कोणं नेलं, ते सांग. मंग लिव, भावाची माया!"

"तवाचा जमाना वेगळा होता," सूर्यभान पुटपुटला.

"तुह्यासाठी होता वेगळा!"

ती पुन्हा मुखवट्याकडे वळली. बोल्ट हातानं निघेना. तिनं ओटीसाठी आणलेलं हिरवं लुगडं पिशवीतून ओढलं, घडी मोडली आणि मुखवट्यावर टाकलं. पाठोपाठ प्राजक्तानं आपली ओढणी टाकली. रांगेतली एक अनोळखी बाई पुढं आली, मग दुसरी. थोड्याच वेळात देवीचं चांदीचं तोंड लुगड्यांखाली दिसेनासं झालं. कमिटीच्या माणसांनी ती काढली, बायांनी पुन्हा टाकली. जत्रा संपेपर्यंत हेच चाललं. आसपासच्या गावांतल्या बाया पुजाऱ्याच्या मागं लागल्या, कमिटीच्या बैठकीत जाऊन भांडल्या. नवरात्राच्या आधी मुखवटा निघाला. पाठीतली भोकं चुन्यानं बुजवली, ती अजून पांढरी दिसतात. फलक मात्र तसाच आहे. तो काढायला कमिटी तयार नाही.

दिवाळीनंतर सूर्यभान बहिणीच्या घरी आला. ओसरीवर बसला, प्राजक्तानं चहा दिला. बराच वेळ कपाशीच्या भावावर बोलून झालं. मग तो मान खाली घालून म्हणाला, "मुखवट्याचं चुकलंच आमचं."

"अन् माह्यं?" सुभद्राबाईनं विचारलं.

त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या. फाटकापर्यंत त्याला सोडायला प्राजक्ता गेली. सुभद्राबाई जागची उठली नाही.