टाके बघायला आलेले पाहुणे

हौसाबाईंनी मुलाच्या पोटावरचं ड्रेसिंग उचलून धरलं होतं आणि पेठ गावाहून आलेले चार पाहुणे वाकून टाके मोजत होते. नेमका तेव्हाच मी राउंडला आलो. माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरला माझं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. हौसाबाईंच्या मुलाचं, राजुरीच्या बाजीरावचं, अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. आल्या आल्या पोट उघडून धुतलं, जीव वाचला. पण पाचव्या दिवशी जखम लाल झाली, ताप चढला. ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा अशा इमर्जन्सीत जखम पिकण्याची भीती जास्त, कारण घाण आधीच पसरलेली असते. खरं सांगायचं तर जखम पिकली की आम्ही सर्जन दोष त्या घाणीवर ढकलून मोकळे होतो. या वेळी मला पाहुणे सापडले.

"पाहुण्यांना टाके कसले दाखवता? पू खोल गेला तर टाके तुटून आतडी बाहेर येतील. पोरगा हातचा जाईल!"

पाहुणे गपचूप बाहेर सटकले. हौसाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"डाक्टर, माणसं एवढ्या लांबनं आली, त्यास्नी दाखवाय नको व्हय? चुकलं माझं. पर मी नुसतं फडकं उचलते, जखमेला बोट लावत न्हाई. तुमी काल खिडकीपाशी त्या बाबांचं पोट दाबलं आन् तसंच येऊन माझ्या पोराचं दाबलं. मदी हात धुतल्यालं मी काय बघितलं न्हाई."

माझ्यासोबतच्या सिस्टर खाली बघायला लागल्या. त्या बाबांच्या जखमेतून दोन दिवस पू येत होता.

बेसिन वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होतं, नळाला पाणी कधी असे, कधी नसे. कारणं पुष्कळ होती. त्यातलं एकही त्या बाईला सांगायची हिंमत झाली नाही. मी बादली आणि साबण मागवला. पाणी हौसाबाईंनीच ओतलं. मग बाजीरावचे वरचे टाके कापले, पू मोकळा केला आणि जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग केलं. महिनाभर पोरानं फार सोसलं.

तो पू माझ्या हातानं गेला की अपेंडिक्समधूनच आला, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. नाही म्हणायचीही सोय नाही, हेच सलतं. त्या दिवसापासून दर दोन खाटांमध्ये एक बादली आली.

दोन वर्षांनी बाजीराव पुन्हा आला. पिकलेली जखम भरली तरी तिथं पोट कच्चं राहतं, आणि आतडं त्वचेखाली फुगून येतं. हर्निया म्हणतात तो हाच. मी म्हटलं, "बाजीराव, यात माझीही चूक असेल. पुण्याला दाखवायचं तर चिठ्ठी देतो."

"नको. आई म्हणली, त्याच डाक्टरकडं जा. त्यो आता हात धुतो."

एवढी वर्षं प्रॅक्टिस केली, याहून मोठं सर्टिफिकेट मला कोणी दिलं नाही.